तीन टेप आणि चार बोटं

प्रिय भिंगऱ्या,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं, खोटं कशाला बोलू. पण दुसरं लिहिणार तरी काय? मेल्या, चौदा दिवस झाले तुला फोन करतेय. पहिले चार दिवस नुसताच वाजत राहिला, मग तुझी बायको उचलायला लागली. ते मीटिंगमध्ये आहेत, ते आंघोळीला गेलेत, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. चौदा दिवसांत इतक्या आंघोळी केल्यास तर एव्हाना कातडं सोलून निघालं असेल तुझं. म्हणून हे पत्र. ऑफिसच्या पत्त्यावर देतेय, तुझ्याच हातात पडावं म्हणून. दार लावून घे, खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच. ताईचं पत्र अर्धवट टाकलंस तर बघ.

आज महिन्यातला तिसरा रविवार. दुपारचे तीन वाजून गेलेत. मशीनवर कापड टाकून मी दुकानात बसलेय आणि काचेतून रस्ता बघतेय. खरं तर या वेळी गल्लीच्या या टोकाला गाड्या अडवणारी माझी दोरी लागायला हवी होती, त्या टोकाला बसकाकांची, आणि मधल्या दीडशे पावलांत वीस-पंचवीस पोरांचा धुडगूस चालू असायला हवा होता. त्याऐवजी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या येताहेत, जाताहेत, दोन चाकं फूटपाथवर चढवून उभ्या राहताहेत. पोरं खिडक्यांत. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची जुळी भावंडं मघापासून काचेला नाक लावून माझ्याकडे बघताहेत आणि मी तिकडे बघायचं टाळतेय. पालिकेने आपली परवानगी स्थगित केलीय. येत्या गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे, दुसरा मजला, खोली नंबर नऊ. एकतर दोरी परत मिळेल, नाहीतर पुढची तीन वर्षं अर्जसुद्धा करता येणार नाही. तीन वर्षं म्हणजे काय, ते आपल्यासारख्या घोड्यांना नाही कळायचं. सात वर्षांच्या पोरीचं उरलंसुरलं लहानपण जातं त्यात.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी पुन्हा सांगणार आहे, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं, लहानपणापासून. महिन्यातले दोन रविवार, तीन ते पाच, गल्ली गाड्यांना बंद आणि पोरांना मोकळी, एवढीच मागणी होती. पण ती काही कोणी ताटात वाढून दिली नाही. सव्वा वर्ष पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या मी, या गुडघ्यांनी. पहिल्या साहेबाने ऐकवलं, बाई, रस्ता गाड्यांसाठी असतो. मी म्हटलं, साहेब, गाड्या यायच्या आधी रस्त्यावरून माणसं काय उडत जायची? दुसऱ्याने अर्ज हरवला. तिसऱ्याच्या कोटाची बाही खांद्यात उसवली होती, ती मी त्याच्या टेबलासमोर उभी राहून टाके घालून दिली, तेव्हा कुठे फाइल हलली. बेचाळीस घरांच्या सह्या घेतल्या. औषधवाल्याने नाही दिली ती नाहीच दिली. आणि तू इथे राहत नसूनही तुझी सही घेतली होती. नावाखाली तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, ‘माजी खेळाडू’. किती हसलो होतो आपण. तो कागद त्या फाइलमध्ये अजून आहे.

दुकानात उरलेल्या कापडाच्या रंगीत पट्ट्या मी दोरीला शिवल्या. दोरीवाल्यांसाठी दोन नारिंगी बंड्या शिवल्या, पाठीवर चमकती पट्टी लावून. आणि नियम एकच केला, पण तो पाळायचा म्हणजे पाळायचा. गल्लीतल्याची किंवा गल्लीत कोणाकडे आलेल्याची गाडी असली तर अडवायची नाही. शिट्टी मारायची, पोरं फूटपाथवर चढली की दोरी खाली सोडायची, आणि मग दोरीवाल्याने हात वर करून गाडीच्या पुढे चालायचं, गाडी तिच्या जागी उभी राहीपर्यंत. गाडीने मागून यायचं, माणसाच्या चालीने. माझ्या गुडघ्यांची चाल तुला ठाऊक आहे. गल्लीत थट्टाच झाली होती की काकूंच्या मागे गाडी लावली तर पोचेपर्यंत सोमवार उजाडतो. पण बसकाका तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले. ते म्हणायचे, हसणाऱ्यांना हसू द्या, पुढे माणूस चालताना दिसला की भलाभला ड्रायव्हर शहाणा होतो. तुझ्या त्या रविवारपर्यंत छत्तीस रविवार झाले असे. पडून गुडघे फुटले असतील पोरांचे, पण गाडीचा साधा ओरखडा नाही कोणाला.

हा नियम काही मी पुस्तकात वाचून काढला नव्हता. कुठून आला ते तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांचा होतास. मी सोळाची. आई लाँड्रीत दिवसभर इस्त्र्या करायची आणि शाळा सुटली की तू माझ्या गळ्यात. तुझं भिंगऱ्या हे नाव पडलं ते याच रस्त्यावर, एका जागी उभा राहशील तर शपथ. मी कोपऱ्यावरच्या दगडावर बसून काजं-बटणं करायची आणि गाडी दिसली की बोंब ठोकायची. दिवसाला चार गाड्या यायच्या, त्यातली एक दुधाची. एकदा माझं लक्ष सुईत होतं आणि तू चेंडूमागे थेट त्या दुधाच्या गाडीपुढे गेलास. वीतभर अंतरावर गाडी थांबली. तुला काही झालं नाही, तू चेंडू घेऊन परत पसार. पण तो दूधवाला पांढराफटक पडला होता. आपल्या दारात बसून दोन पेले पाणी प्यायला. आई येईपर्यंत थांबला आणि तिच्यासमोर उभं राहून म्हणाला, बाई, चूक माझी, पोरगं आहे ते, पळणारच, बघायचं मी होतं. मला वाटलं होतं आता आई मला फोडून काढणार, कारण तुझ्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. त्याने माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कोपऱ्यावर गाडी उभी करायचा, आणि मी तुझं मनगट धरून त्याला हात केल्याशिवाय आत घालायचा नाही. पुढे पाच वर्षं, एक दिवस चुकवला नाही त्याने.

आता त्या रविवारचं. मुद्दामच मागे ढकलत होते. तू चार वाजता आलास, नवीकोरी गाडी घेऊन. माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला होतास. ते मी विसरलेले नाही, पट्टा कपाटात आहे, अजून पिशवीतून काढला नाही. काच खाली करून म्हणालास, काय ताई, आता मलापण बोटाला धरून नेणार का? जन्म गेला माझा या रस्त्यावर. पट्टा तुझ्या दारात ठेवतो आणि निघतो, विमान गाठायचंय. गुडघा त्या दिवशी टम्म सुजला होता, हे खरं. पण कारण ते नव्हतं. त्याच गुडघ्याने मी तासाभरापूर्वी औषधवाल्याच्या जावयाच्या गाडीपुढे मुकाट चालत गेले होते, ज्या औषधवाल्याने आपल्याला सहीसुद्धा दिली नाही. तुझ्या वेळी मनात आलं, हा आपला भाऊ, सगळी गल्ली बघतेय, त्याला काय परक्यासारखी शिट्टी मारून न्यायचं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणतात ते उगाच नाही. मी शिट्टी मारली नाही. मी पुढे चालले नाही. दोरी सोडली आणि म्हटलं, जा, पण हळू जा.

आणि तू हळू गेला नाहीस. मागच्या काचेतून मला तुझी मान खाली गेलेली दिसली. फोन वाजला असेल, नाहीतर वाजल्यासारखं वाटलं असेल, काय ते तुझं तुला माहीत. सातव्या दारासमोर वाटाणा खेळत होती. वाटाणा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची मुलगी, गोल चेहरा आणि सदानकदा तो हिरवा स्वेटर, म्हणून अख्खी गल्ली तिला वाटाणा म्हणते. कापडावर खुणा करायच्या माझ्या खडूंचे उरलेले तुकडे मी तिला देते, त्यांनी तिने रस्त्यावर चौकोन आखले होते आणि ती एका पायावर उड्या मारत होती, तुझ्याकडे पाठ करून. पळत नव्हती. लंगडी घालणारं मूल पळत नसतं रे गाढवा! ब्रेकचा आवाज आला आणि त्यानंतर तिचा. उजवी नडगी, दोन ठिकाणी मोडली. तू तिला उचललंस, नर्सबाईंना गाडीत घातलंस, दवाखाना गाठलास. तेवढं तू केलंस आणि ते मी विचारेल त्याला सांगते. मला त्या घटकेला वाटलं होतं, हा आता दूधवाल्यासारखा उभा राहील.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. पोरं भिंतीला चिकटून उभी होती, कोणी रडतही नव्हतं. मी गळ्यातली टेप काढली आणि रस्त्यावर गुडघे टेकले. तुझ्या चाकांनी ते खडूचे चौकोन फरपटत पुढे नेले होते, निळ्या-पांढऱ्या दोन लांब पट्ट्या. त्या मी मोजल्या. तीन टेप आणि वर चार बोटं. कशाला मोजल्या विचारशील तर सांगता येणार नाही. पस्तीस वर्षं लोकांची मापं घेतेय, काही सुचेनासं झालं की हात टेपेकडे जातो. नंतर बसकाकांना मी दुसऱ्याच कुठल्या गाडीचं म्हणून विचारलं, की एवढं घसटत जायला वेग किती लागतो. ते म्हणाले, चालीच्या वेगात गाडी घसटत नाही हो, जागच्या जागी उभी राहते, एवढ्याला तीसच्या खाली नाही. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. सगळं समजलं असणार त्यांना. दुसऱ्या दिवशी पालिकेची पाण्याची गाडी आली आणि रस्ता धुऊन गेली. आता ते माप फक्त माझ्या दुकानाच्या वहीत आहे, एका कोटाच्या आणि दोन पँटींच्या मापांच्या मधल्या पानावर.

मग आलं तुझं लेखी निवेदन. जबाबदार व्यक्ती म्हणून कागदोपत्री माझं नाव आहे, म्हणून पालिकेने मला नक्कल दिली. टाइप केलेलं, खाली तुझी लफ्फेदार सही. दोरी खाली होती. मला कोणीही थांबवले नाही. माझा वेग चालण्याइतका होता. मुलगी अचानक धावत समोर आली. मुलांवर कोणाचेही नियंत्रण नव्हते. बास, संपलं! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर आणि वर शिरजोर. माझ्याकडे बोट दाखवलंस, त्याचं मला काही नाही, दोरी मीच सोडली, ते बोट बरोबर जागी आहे. पण त्या पोरीकडे? पाठ करून उभ्या असलेल्या पोरीकडे? हे टाइप करताना तुझी बोटं कशी नाही रे अडली? का कोणा वकिलाने लिहून दिलं आणि तू डोळे मिटून सही ठोकलीस? तसं असेल तर ते आणखी वाईट. डोळे मिटूनच तर झालं सगळं.

आणि मी काय केलं ते ऐक, म्हणजे मी एकट्या तुझ्यावरच तोंड टाकतेय असं वाटायला नको. तुझं निवेदन यायच्या आधी चौकशीला साहेब आले होते, त्याच उसवलेल्या बाहीचे. त्यांनी मला सरळ विचारलं, गाडीचा वेग किती होता, तुम्ही पाहिलंत का? आणि मी म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. साठीला आलेली बाई मी, छत्तीस रविवार पोरांना खोटं बोलायचं नाही, रडी खेळायची नाही म्हणून दटावत आले, आणि मी हे बोलले. तुला पाठीशी घालायची सवयच लागलीय मला. हेडमास्तरांच्या खिडकीची काच तू फोडलीस, मी सांगितलं माझा धक्का लागला. शाळा बुडवून नदीवर गेलास, मी आईला सांगितलं त्याला ताप होता. तेव्हा काचेचं नुकसान होत होतं, फार तर पाठीत धपाटा बसत होता. साहेब गेल्यावर मी दुकानाचं दार लावून बसले आणि मला माझीच किळस आली. तुझ्यावर रागावायचं धाडस त्यानंतर आलं, हेही कबूल करते.

तरीही मी गप्पच राहिले असते बहुतेक. तू सुटलास, मी थोडी बदनाम झाले, झालं. पण परवा नर्सबाई वाटाण्याला उचलून खाली घेऊन आल्या. प्लास्टरवरून पँट चढत नाही, एका बाजूची शिवण उसवून बटणं लावून हवी होती. दवाखान्यातून फोन आला म्हणून नर्सबाई बाहेर गेल्या, आणि पोरीने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या मशीनवर ठेवली. आत माझे खडूचे तुकडे, सगळे मोजून आणलेले. म्हणाली, काकू, हे घ्या, मी आता कध्धीच मध्ये येणार नाही. मी साहेबांना सॉरी म्हटलं तर बाकीच्यांसाठी रस्ता पुन्हा गाड्यांना बंद करतील का? जुळे तिच्याशी बोलत नाहीत म्हणे. तुझ्यामुळे आमचा खेळ गेला, असं त्यांनी तिला जिन्यात ऐकवलं. सह्या दिलेल्या घरांनाही तुझ्या निवेदनाची नक्कल गेलीय, कोणाच्या घरात कोणीतरी ते वाचलं असणार, आणि पोरांनी ते खरं धरलं. नर्सबाईंनीही एव्हाना तेच धरलंय, मला म्हणाल्या, पोर जरा धांदरटच आहे हो माझी. आणि ही सात वर्षांची बया मला विचारते, गुरुवारी कुठल्या मजल्यावर जायचंय? दुसरा म्हटल्यावर थोडा वेळ विचार करून म्हणाली, लिफ्ट असेल का तिथे? कारण कुबड्या तिला अजून नीट जमत नाहीत.

वाचलंस? पुन्हा वाच. तुझी आणि माझी चूक काखेत दोन काठ्या घालून ती पोर जिना चढायचं म्हणतेय, आणि तू आंघोळ करतोयस. आईने हे पाहिलं असतं तर तुला आणि मला दोघांनाही एकाच इस्त्रीखाली घातलं असतं. मी तिला जवळ घेतलं. आणि बटणं लावून दिली, सहा, हिरवी.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. विनवण्या करायला नाही, आणि शिव्या देऊन मोकळं व्हायलाही नाही. गुरुवारी त्या खोलीत मी सगळं सांगणार आहे. मी शिट्टी मारली नाही, पुढे चालले नाही आणि साहेबांशी खोटं बोलले, हे आधी. मग वहीचं ते पान टेबलावर ठेवणार आहे आणि गाडी किती वेगात होती, मान कोणाची खाली होती, पाठ कोणाची होती, तेही. याची परिणती काय होईल ते मला माहीत आहे, तुझ्या ऑफिसात काय होईल तेही. मी माघार घेणार नाही. पण तुला न कळवता तुझ्याविरुद्ध उभी राहिले असते तर आईला तोंड दाखवायला जागा उरली नसती मला, म्हणून चार दिवस आधी कळवतेय. त्या रविवारी तुझ्या पुढे चालायचं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. गुरुवारी करणार आहे. पावणेअकराला पालिकेच्या फाटकाशी नारिंगी बंडी घालून उभी राहीन, हसणाऱ्यांना हसू दे. तू ये. जिन्याने मी पुढे, तू माझ्या मागे, माझ्या गुडघ्यांच्या चालीने. आधी मी माझं बोलेन, मग तू तुझं बोल, तुझ्या तोंडाने. वाटाण्याला मी सांगितलंय की तिला यायची गरज नाही, ज्याने यायला हवं तो येतोय. तिने विचारलं, नक्की? मी हो म्हणून बसलेय.

तुझीच,
ताई